यादीतलं चौथं नाव

१

टिशला माणसांपेक्षा माणसांचे फॉर्म बरे वाटत. फॉर्म आपल्याकडे टक लावून बघत नाही, आणि तो वाचताना घसा कोरडा पडत नाही. पंधरा वर्षांच्या ह्या मुलीला दुकानात पाव मागतानाही दोनदा आवंढा गिळावा लागे. पण सुट्टीत क्लॅरी मामाच्या सहल-कचेरीतलं कागदाचं सगळं काम ती एकटी बघे, आणि त्यात आजवर चूक निघाली नव्हती.

कचेरी म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, नदीच्या घळीच्या तोंडाशी, होड्यांच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. एका भिंतीला वायरलेस, समोरच्या भिंतीला घळीचा नकाशा, आणि खिडकीत एक म्हातारा एसी. तो दर दहा मिनिटांनी खाकरल्यासारखा थांबे आणि मग स्वतःच पुन्हा सुरू होई. जुलै होता, म्हणजे इकडे उत्तरेत कोरडा हंगाम. दक्षिणेतले लोक थंडीला कंटाळून ह्याच दिवसांत वर येतात.

टिशनं आखलेली सहल तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी कयाक, म्हणजे अरुंद होडी, वल्हवत तिसऱ्या वळणापर्यंत आणि तिथल्या वाळूवर मुक्काम. दुसऱ्या दिवशी कातळावरून चालत वरच्या धबधब्याला जाऊन यायचं. तिसऱ्या दिवशी परत, आणि दुपारी नोरीन मावशीच्या मांडवात टोपल्या विणणं, राखेत भाजलेली रोटी, काळा चहा.

फॉर्मात बरंच काही विचारलेलं असे. वजन किती, बुटाचं माप काय, डावखुरे की उजवे, चहात साखर किती, काय दुखतं, कशाची भीती वाटते. वजन बघून टिश होड्या ठरवी. दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे बसतो. माप बघून ती पाण्यात चालायचे बूट निवडी आणि प्रत्येकाच्या निळ्या पिंपात भरून ठेवी. घट्ट झाकणाची ती पिंपं होडीला बांधली जात, आणि झाकणावर चिकटपट्टीवर नाव असे.

ह्या वेळी चार फॉर्म होते. ॲडलेडचे कीथ आणि बर्निस ऑल्डरटन हे नवरा-बायको. मिस फेंटन, निवृत्त शिक्षिका. आणि एल्विन प्रॉसर. वय अठ्ठावन्न, वजन एक्क्याण्णव किलो, बूट अकरा नंबर, डावखुरे, चहात तीन चमचे साखर, उजवा गुडघा दुखरा. 'कशाची भीती वाटते' ह्यापुढे लोक बहुधा काहीतरी थट्टा करून ठेवतात. मगर, सासू, टिनमधले मासे. प्रॉसरनी तिथे लिहिलं होतं, 'नंतर कळवतो.'

सहलीच्या दिवशी सकाळी सातला त्यांची मेल आली.

'मी येत नाही. कारण विचारू नये. माझं नाव मात्र यादीतून न चुकता काढा.'

टिशनं लगेच कॉम्प्युटरवरच्या यादीतलं नाव पुसलं आणि मामाला सांगितलं. मामा म्हणाला, बरं झालं, एक पिंप हलकं. पण छापलेली यादी आदल्या संध्याकाळीच निघाली होती. ती घडी घालून टिशच्या खिशात होती, आणि तिला ती आठवली नाही.

२

नवी माणसं पाण्यात उतरायच्या आधी नोरीन मावशी त्यांची नावं पाण्याला सांगते. तिच्या आधी तिची आई सांगायची. पाहुणा आला की आपण आत डोकावून 'अमका आलाय गं' म्हणतो ना, तितकंच ते साधं. मावशी गुडघाभर पाण्यात पाठमोरी उभी राहते आणि घळीकडे तोंड करून एकेक नाव पुकारते. मग वळते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक ओंजळ घालते. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि पाण्यात पडेल म्हणून चष्मा ती धक्क्यावर आणत नाही. त्यामुळे यादी वाचायचं काम टिशचं. टिश तिच्या कानाशी पुटपुटते, मावशी पुकारते.

कीथचं नाव गेलं. समोरच्या लाल कड्यावर आपटून ते परत आलं. बर्निसचं आलं. मिस फेंटनचंही आलं, जरा उशिरा, आणि मिस फेंटन खूश झाल्या.

चौथ्या ओळीवर टिशचं बोट थांबलं. आता तिला मेल आठवली. 'हा आला नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण तीन अनोळखी माणसं काठावरून तिच्याकडे बघत होती आणि मिस फेंटनच्या हातात फोटोसाठी फोन धरलेला होता. मावशीनं हात मागे करून बोटं हलवली, म्हणजे पुढचं सांग. टिशच्या तोंडून जे छापलेलं होतं ते निघून गेलं.

मावशीनं पुकारलं. "एल्विन प्रॉसर."

हे नाव परत आलं नाही.

कडा तोच होता, वारा नव्हता. मावशीनं मान किंचित तिरकी केली, क्षणभर वाट पाहिली. मग वळली. तीन डोक्यांवर तीन ओंजळी घातल्या, चौथी भरून घेतली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"चौथा कुठाय?"

मामा म्हणाला, तो यायचाच नाही, सकाळी कळलं. मावशी तशीच उभी राहिली. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं आणि ते गळू द्यावं की नको हे तिला समजत नसावं. पाहुणे गप्प झाले. तेव्हा डेल्मा पुढे झाली. डेल्मा म्हणजे टिशची मोठी बहीण, एकोणीस वर्षांची, काटकुळी, जिथे शांतता दिसेल तिथे जाऊन ती मोडणारी. तिनं मावशीच्या हातांखाली डोकं वाकवलं.

"घाल माझ्यावर. फुकट कशाला घालवतेस? मला तरी गार वाटेल."

मावशीच्या हातून पाणी सुटलं. सगळे हसले. मावशी हसली नाही, पण ती रागावलीही नाही. घडलं ते इतकंच.

आता दोघांच्या होडीत मिस फेंटन एकट्या पडत होत्या. मामानं डेल्माला मागे बसायला सांगितलं. चौथं पिंप भरलेलंच होतं, त्यातलं अंथरूण आणि खाणं तिला चाललं असतं. डेल्मा बसली आणि होडी मागच्या बाजूनं खचली. भाराची पांढरी रेघ रंगवलेली असते, तिला पाणी येऊन टेकलं.

"सकाळी काय खाल्लंस गं, म्हैस?" मामानं विचारलं.

डेल्मा बावन्न किलोची होती. टिशला सगळ्यांची वजनं पाठ असत. तिनं मनाशी म्हटलं, पिंप जड भरलं गेलं असेल. पिंप तिनं स्वतः भरलं होतं.

३

त्या कचेरीचा एक नियम होता. संध्याकाळी चार वाजता वाटाड्यानं वायरलेसवर हजेरी द्यायची, आणि ती आकड्यात द्यायची नाही, नावांनी द्यायची. आकडा सांगणारा माणूस डोकी मोजतो. नावं सांगणाऱ्याला तोंडं बघावी लागतात.

चार वाजता खरखर झाली. मामानं सांगितलं: कीथ, बर्निस, मिस फेंटन, डेल्मा आणि मी. सगळे वाळूवर पोचले होते. टिशनं वहीत पाच खुणा केल्या. माणूस समोर नसला की तिला बोलता येई, म्हणून तिनं डेल्माचं विचारलं.

"बसलीय चहा घेऊन. तीन चमचे साखर. मी म्हटलं दात पडतील, तर म्हणते, मी एवढीच घेते."

डेल्मा चहात साखर घेत नसे. साखरेचा चहा तिला औषधासारखा लागे.

"वल्हवून दमली असेल," टिश म्हणाली.

"दमलीच. गुडघा धरून बसलीय. म्हातारी झाली तुझी बहीण."

कुठला गुडघा, हे टिशला विचारायचं होतं. पण तोवर मामानं बटण सोडलं होतं. एसी खाकरून थांबला आणि खोलीत इतकी शांतता झाली की तिला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज प्रथमच ऐकू आला. तिनं फाइल काढून चौथा फॉर्म वाचला, मग मिटून ठेवला. मामा थट्टेखोर आहे, हे तिनं स्वतःला बजावलं. एकदा त्यानं सिडनीच्या एका जोडप्याला कड्यावरच्या माकडांच्या वाटा दाखवल्या होत्या. ह्या अख्ख्या खंडात माकड नाही. पिंपावरचं नाव त्यानं वाचलं असेल आणि फॉर्म तर कुणालाही बघता येतो.

पण फॉर्म ह्या कपाटात होता, आणि किल्ली तिच्या गळ्यात.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मावशीच्या मांडवात गेली. मावशी केवड्यासारखी लांब पानं चिरून वाळत घालत होती. टिश शेजारी बसली, चार पानं चिरली, पाचवं उगाच फाडलं.

"काय झालंय?" मावशीनं वर न बघता विचारलं.

टिशनं सांगितलं. मेलपासून सुरुवात केली आणि चहातल्या साखरेपाशी थांबली. मध्ये दोनदा आवाज गेला. मावशीच्या हातातली सुरी केव्हा थांबली ते कळलं नाही.

"तुला ठाऊक होतं, तो आला नाही म्हणून?"

"हो."

"आणि वाचलंस."

"सगळे बघत होते गं."

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पानं बाजूला सारली, उठली आणि धक्क्याकडे चालू लागली. टिश मागोमाग गेली. मावशी काल उभी होती तिथेच पाण्यात उभी राहिली आणि घळीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली की तो माणूस आलेला नाही, चूक झाली, आमची मुलगी आमची आहे.

शब्द गेले. कड्यावर ऊन होतं, पाण्यावर एक पान तरंगत होतं. मावशीनं मान तिरकी करून पुष्कळ वेळ ऐकलं.

"काय म्हणालं?" टिशनं विचारलं.

"मला लहानपणी नावं सांगायला शिकवलं," मावशी म्हणाली. "परत घ्यायला कुणी शिकवलं नाही. कधी वेळच आली नव्हती."

मग म्हणाली, "तिला माघारी बोलवायला सांग. चारची वाट बघू नकोस."

टिश धावत कचेरीत आली. बटण दाबलं, मामाला हाक दिली. पण कातळावरच्या वाटेवर वायरलेस लागत नाही. भिंतीवरचा घळीचा नकाशा तिनंच रंगवलेला होता. तांबड्या पट्ट्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशी दहापासून चारपर्यंत, आवाज पोचत नाही, असं तिथे तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं. तरी ती दर पाच मिनिटांनी हाक देत राहिली.

५

चार वाजता मामा वायरलेसवर आला. आवाज खुशीत होता. धबधब्याला पाणी चांगलं आहे, बर्निसबाई एकदा घसरल्या पण पडल्या नाहीत.

"हजेरी घे. कीथ. बर्निस. मिस फेंटन. प्रॉसर. मी."

टिशनं पेन्सिल टेकवलेली होती. तिची खूण उमटली नाही.

"मामा, डेल्मा?"

खरखर.

"कोण?"

"डेल्मा. आपली डेल्मा. मामा, थट्टा नको, मावशीनं सांगितलंय."

"थट्टा कसली? पाच माणसं गेलो, पाच आहोत. नावं सांगितली की तुला." मग जरा हळू आवाजात, "बरी आहेस ना तू? उन्हात फिरलीस का?"

मामाची थट्टा टिशला ओळखू येई. थट्टा करताना तो श्वास रोखून धरतो, आणि ते वायरलेसवरही ऐकू येतं. आता तो सरळ श्वास घेत होता. तिनं चौथ्या पाहुण्यांना बोलायला द्या, असं सांगितलं. इतकं स्पष्ट वाक्य ती आयुष्यात कुणाशी बोलली नसेल.

पावलं वाळूवरून आली. एक पाय किंचित ओढत होता. बटण दाबलं गेलं.

"बोला, मिस."

आवाज डेल्माचा होता. रोज रात्री शेजारच्या पलंगावरून 'झोप आता, दिवा मालव' म्हणणारा. पण त्याला इस्त्री केलेली होती. पाहुणे नोकरमाणसांशी बोलतात, तसा तो सौजन्यानं बोलत होता.

"डेल्मा," टिश म्हणाली. "डेल्मा, मी टिश."

"सहल तुम्ही आखलीत, असं कळलं. फार नेटकी आखलीत. बूट अगदी मापाचे आहेत."

त्या पिंपात अकरा नंबरचे बूट होते. डेल्माचं माप सहा.

"तुम्ही फॉर्मात एक विचारलं होतं, मिस. मी नंतर कळवतो म्हणालो होतो." मागे पाणी काठाला लागल्याचा आवाज आला. "आता आठवत नाही. गंमत आहे. इतकी वर्षं एकच भीती होती, आणि आज सकाळपासून ती कुठली तेच आठवत नाही."

बटण सुटलं. एसी खाकरला आणि पुन्हा चालू झाला.

६

तिसऱ्या दिवशी दुपारी होड्या आल्या. टिश धक्क्यावर उभी होती आणि तिनं डोकी मोजली नाहीत, तोंडं बघितली. मामाचं. कीथचं, उन्हानं सोललेलं. बर्निसचं. मिस फेंटनचं. त्यांच्या मागे, पांढऱ्या रेघेपर्यंत खचलेल्या होडीत, रुंद काठाची टोपी होती. टोपीखाली बघायचं टिशला धाडस झालं नाही. तिनं हात बघितले. उजव्या मनगटावर तव्याच्या चटक्याचा अर्धगोल डाग होता. तो डाग पडला तेव्हा तवा टिशच्याच हातात होता.

मामानं पाहुण्यांना आधार देऊन उतरवलं. "सांभाळून, प्रॉसरसाहेब, गुडघा." मिस फेंटन म्हणाल्या, इतका शांत जोडीदार मला कधी मिळाला नव्हता.

मांडवात सगळे चटईवर बसले. मावशीनं रोटी मोडून दिली, चहा ओतला. टोपीवाल्यानं साखरेचे तीन चमचे घातले. मावशी पानाची पट्टी देऊन पहिला वेढा कसा घ्यायचा ते दाखवत सगळ्यांसमोरून फिरली. ती वीण डेल्माला पाच वर्षांची असल्यापासून येत होती. त्या हातांनी पट्टी डावीकडून धरली, चुकवली, उसवली आणि पुन्हा चुकवली.

मावशी त्याच्यापुढे खाली बसली. पट्टी सरळ करायच्या मिषानं तिनं वाकून अगदी कानाशी एकदाच म्हटलं, "डेल्मा."

टोपी वर झाली. चेहरा टिशच्या ओळखीचा होता. त्या चेहऱ्याला मात्र कुणाचीच ओळख नव्हती.

"छान नाव आहे," तो म्हणाला. "कुणाचं?"

टिशनं पुढे होऊन ते मनगट घट्ट धरलं. मिनिटभर तिनं ते सोडलं नाही. ते गरम होतं, आत नाडी चालत होती. पाहुणा रागावला नाही. त्यानं एकेक बोट हळूच सोडवलं, मुलांची सवय असलेली माणसं सोडवतात तसं.

"तुमचं कुणी हरवलंय का, मिस?"

"टिश," मामा म्हणाला, "पाहुण्यांना असं धरतात?" तो खरंच शरमला होता. बस निघायची वेळ झाली, रात्रीचं विमान डार्विनहून आहे, असं म्हणत त्यानं पाहुण्यांना उठवलं. मावशी त्याच्या आडवी गेली आणि खालच्या आवाजात काहीतरी सांगू लागली. मामा मान हलवत ऐकत होता. डेल्मा हा शब्द आला की त्याच्या कपाळावर आठी पडे, विसरलेलं सामान आठवताना पडते तशी, आणि लगेच मावळे. मागे पिंपं रिकामी होत होती, बसमध्ये पिशव्या चढत होत्या. मावशी परतली तेव्हा तिचे हात रिकामे लोंबत होते.

"ह्यात ती नाही," ती टिशला म्हणाली. "ह्याला धरून ती यायची नाही. धक्क्यावर जा. हाक मार तिला."

"मी?"

"नाव तू दिलंस."

टिश धक्क्यावर गेली. बसचं इंजिन सुरू झालं होतं. बर्निसबाई खिडकीतून हात हलवत होत्या, त्यांच्या मागच्या खिडकीत ती टोपी होती. टिशला वाटलं, सगळे आपल्याकडे बघताहेत, आणि ते खरंच होतं. ती गुडघाभर पाण्यात उतरली. पहिल्या वेळी नुसती हवाच निघाली. दुसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा पोटातून ओरडली.

"डेल्माऽऽ"

समोर कडा होता. तिचा शब्द त्यावर आपटून परत यायला हवा होता. तो आला नाही. त्याऐवजी वरून, पहिल्या वळणाच्या पलीकडून, लांबून, दुसराच शब्द आला.

"आलेऽऽ"

बस निघाली, धूळ उडाली, बसली.

"डेल्माऽऽ"

"आले गंऽऽ. थांब की जरा."

ह्या आवाजाला इस्त्री नव्हती. तो दमलेला होता, जरा वैतागलेला होता, आणि वल्हं पाण्यात पडल्याचा आवाजही त्याच्यामागे येत होता. टिश हाक देत गेली. प्रत्येक हाकेला ओ आली. वळणावर मात्र कुणी दिसेना, आणि ओ दर वेळी तेवढ्याच लांबून येई. दहा हाका झाल्या, तीस झाल्या. ऊन कड्यावरून वर सरकलं. एकदा तिचा आवाज फाटला आणि ती खोकत थांबली, तर पलीकडचं वल्हंही थांबलं.

मग त्या बाजूनं, भांबावून, कुणीतरी विचारलं, "टिश? कुठे गेलीस गं?"

मावशी केव्हा शेजारी येऊन उभी राहिली ते टिशला कळलं नाही. तिनं चष्मा घातलेला होता, पाण्यात असूनही, आणि ती वळणाकडे बघत होती.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "हाक बंद झाली की ती वाट सोडून देईल. तू दमलीस की मी मारीन. मी दमले की तू."

टिशनं आवंढा गिळला आणि तोंड उघडलं.